डॅशबोर्डला निळे एलईडी लावू की लाल? इंदूरहून ओंकारेश्वरला रात्री बऱ्याचदा जावं लागतं.

निळे लावू नका, हे आधीच सांगतो. दुकानात सगळ्यात सुंदर तेच दिसतात, पण वाटेतल्या भेरूघाटाच्या अंधारात तेच डोळ्यांत खुपतात. अंधाराला सरावलेल्या डोळ्यातल्या दंडपेशी (अंधुक उजेडात बघणाऱ्या पेशी) साधारण 500 नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या-हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतात. त्यामुळे मंद निळ्यानेही नजर दिपते आणि वळणावरचा बिनदिव्याचा ट्रॅक्टर उशिरा दिसतो. शिवाय निळे आकडे डोळ्याला नीट फोकस करता येत नाहीत, ते पसरल्यासारखे वाटतात. चाळिशी लागलेल्यांना तर फारच.

लाल (620 नॅनोमीटरच्या पुढचा) या बाबतीत सर्वात सौम्य. पण अडचण अशी की लाल उजेडात लाल काटा आणि तापमानाच्या डायलवरची लाल पट्टी उठूनच दिसत नाही. म्हणून मी नारिंगी-पिवळा, म्हणजे अँबर सुचवेन. बीएमडब्ल्यूने कित्येक वर्षं हाच वापरला.

जुन्या गाडीत डायलमागे बहुधा हिरवी किंवा निळी फिल्म असते. ती न काढता अँबर एलईडी लावलात तर उजेड मळकट पडेल. एलईडी पेटला नाही तर उलटा बसवून बघा, त्याला धन-ऋण असतं. डिमर (उजेड कमी-जास्त करायचं बटण) चालतो का तेही तपासा, सगळे एलईडी त्याला दाद देत नाहीत.

आणि इंजिन, ऑइल, ब्रेकच्या इशारादिव्यांचे रंग मात्र अजिबात बदलू नका हो.