फॉर्म भरला म्हणजे संमती मिळाली का?

प्रश्न : मी एम.ए. समाजशास्त्राच्या प्रबंधासाठी विवाहित स्त्रियांच्या घरातील निर्णयस्वातंत्र्याचे सर्वेक्षण गुगल फॉर्मद्वारे करत आहे. फॉर्म व्हॉट्सॲप गटांवर पाठवला असून काही उत्तरे आली आहेत. नाव विचारलेले नाही. तरीही वेगळी संमती घ्यावी, असे माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे आहे. त्याची गरज आहे का? – एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : गरज आहे. फॉर्म आला यावरून उत्तरे दिली गेली एवढेच कळते. ती कोण वाचणार आणि कशासाठी वापरणार हे ठाऊक असताना दिली का, हे कळत नाही. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने ६,८९,००३ वापरकर्त्यांना दिसणारा आनंदी किंवा दुःखी मजकूर आठवडाभर कमी करून त्यांच्या लिखाणावरील परिणाम तपासला. २०१४ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाल्यावर खाते उघडताना मान्य केलेल्या अटींचा आधार सांगितला गेला. परंतु तो छापणाऱ्या नियतकालिकालाच पुढे या पद्धतीबद्दल जाहीर चिंता व्यक्त करावी लागली. तो प्रयोग होता, सर्वेक्षण नव्हे. संमतीचा प्रश्न मात्र तोच आहे.

तुमच्या विषयात तर धोका घरातच आहे, कारण अनेक घरांत फोन एकटीचा नसतो. म्हणून ईमेल गोळा करण्याची आणि उत्तरांची प्रत पाठवण्याची सोय बंद असल्याची खात्री करा. गाव, वय, जात आणि नोकरी एकत्र विचारल्यास लहान गावातील एकुलती एक शिक्षिका नावाशिवायही ओळखू येते. तिथे तालुका आणि वयोगट पुरेसा आहे.

पहिल्या पानावर तुमचे नाव, महाविद्यालय, हेतू, लागणारा वेळ आणि उत्तरे कधीपर्यंत जपली जातील हे साध्या मराठीत लिहा. त्याखाली होकार किंवा नकार विचारा आणि नकार निवडल्यास फॉर्म तिथेच संपू द्या. निनावी उत्तर पाठवल्यानंतर शोधून काढून टाकता येत नाही, हेही आधीच सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. संमती वगळता एकही प्रश्न सक्तीचा ठेवू नका. मारहाणीविषयी विचारत असाल, तर शेवटी १८१ हा महिला हेल्पलाइन क्रमांक द्या.

आलेली उत्तरे प्रबंधात वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. जुना फॉर्म बंद करा, त्याच गटांवर कारण सांगून नवा पाठवा आणि पुन्हा भरायचा की नाही, हे त्या स्त्रियांना ठरवू द्या.