जेवल्यावर मुद्दाम उलटी काढणं हा फक्त मुलींचा आजार आहे का?

मित्रा, तू लिहिलंयस की वय 22, जिमला जातोस, जास्त खाल्लं की जाऊन उलटी काढतोस, आणि मित्र म्हणतो हे मुलींचं असतं. नाही रे. मलाही होतं, 26 ते 29 अशी तीन वर्षं. नाव बुलिमिया.

लहानपणी मी घरीदारी 'ढोल्या'. वजन उतरवलं तेव्हा कोण कौतुक! लग्नाच्या पंगतीत श्रीखंडाला नाही म्हटलं की मावशी म्हणायची, "काय कंट्रोल आहे पोराचा!" तेच श्रीखंड रात्री फ्रिजसमोर उभ्यानं, डब्यात बोटं घालून संपवायचो. पुढचं तुला ठाऊक आहे.

फॅमिली डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. पकडलं ते दातांच्या डॉक्टरीणबाईंनी. थंड पाण्यानं दात सणकत होते. त्यांनी छोटा आरसा आत धरून वरच्या पुढच्या दातांची मागची बाजू दाखवली, नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झालेली. पोटातल्या आम्लानं झिजते म्हणे. आईला बाहेर बसवून विचारलं, "उलट्या होतात की काढतोस?" मी चिडून उठून आलो.

वास्तविक रिचर्ड मॉर्टन या इंग्रज डॉक्टरनं 1689 मध्ये अन्न तुटत गेलेल्या ज्या दोन रुग्णांचं वर्णन केलं, त्यातला एक 16 वर्षांचा मुलगा होता. तरी अमेरिकेतल्या मनोविकारांच्या निदानपुस्तिकेत 2013 पर्यंत अनोरेक्सियाच्या, म्हणजे याच अन्न तुटत जाण्याच्या आजाराच्या, निकषांत पाळी थांबणं धरलेलं होतं. आता आपली पाळी कुठून थांबणार!

दंड बाहीत मावत नाही आणि तरी 'मी काडीच' म्हणत भर मे महिन्यात फुल बाह्यांचा शर्ट घालणारा एखादा तुझ्या जिममध्येही असेल. त्यालाही नाव आहे, मसल डिसमॉर्फिया.

मानसोपचारतज्ज्ञांनी माझा 'कंट्रोल'च मोडीत काढला. दिवसभर उपाशी राहतोस म्हणून रात्री ताबा सुटतो, म्हणाले. दर तीन-चार तासांनी खायचं, भूक असो वा नसो, आणि वहीत लिहायचं. पहिले दोन महिने पोळी बघून घाम फुटायचा. पूर्ण सुटायला वर्ष गेलं.

तू आधी फिजिशियनकडे जा आणि रक्तातलं पोटॅशियम तपासून घे. उलट्यांनी ते उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. छातीत धडधडलं किंवा चक्कर आली तर थांबू नकोस, थेट दवाखाना गाठ. कुणाकडे जावं कळत नसेल तर सरकारचा टेलि-मानस नंबर 14416, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि डॉक्टरांपुढे 'उलट्या होतात' म्हणू नकोस, 'मी काढतो' म्हण. तोंडातून शब्द फुटला नाही तर चिठ्ठीवर लिहून पुढे सरकव. मी तेच केलं होतं, पेट्रोलच्या पावतीमागे.