गटात एकच बोलतो, बाकीचे माना डोलावतात

प्रश्न : सोळा-सतरा वर्षांच्या ४० मुलांना मी डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ शिकवतो. पाच-पाच जणांचे गट केले, दर आठवड्याला प्रकरणं नेमून दिली. पण प्रत्येक गटात एकच जण बोलतो. काहींनी तर पुस्तक उघडलेलंही नसतं. पुन्हा आपणच शिकवावं का?

उत्तर : नको, सर. माझेही पहिले गट असेच गप्प बसायचे, आणि चूक माझीच होती. मी प्रश्नांची यादी देत असे. यादीची उत्तरं एका हुशार मुलाकडून ऐकून वहीत उतरवता येतात, त्यासाठी कादंबरी वाचावी लागत नाही. मग यादी बंद केली. प्रत्येकानं येताना एकच वाक्य आणायचं : अडलेलं, खटकलेलं किंवा पुन्हा वाचावंसं वाटलेलं. पान क्रमांक हवाच. सुरुवात सगळ्यात कमी बोलणाऱ्यापासून करायची. ज्यानं वाचलं नसेल त्याला रागावू नका. तिथंच पुस्तक उघडून वाक्य शोधू द्या. शोधता शोधता तो दोन पानं तरी वाचतोच.

आणि थांबायचं कुठे, हे नीट ठरवा. ही कादंबरी १८६०-६१मध्ये साप्ताहिकातून हप्त्याहप्त्यानं आली होती, म्हणजे पहिले वाचकही आठवडा-आठवडा ताटकळलेच. कादंबरीचा नायक पिप, त्याच्यावर पैसा खर्च करणारा कोण, ते ३९व्या प्रकरणात उघड होतं. (इथे सांगत नाही, ज्यांनी वाचली नसेल त्यांचा आनंद जाईल.) म्हणून ३८वं संपलं की सगळ्यांना थांबवा. प्रत्येकानं आपला अंदाज आणि त्याचा पुस्तकातला पुरावा चिठ्ठीवर लिहायचा. माझ्या वर्गात तीन आठवडे तोंड न उघडलेली एक मुलगी त्या दिवशी थेट पहिल्या प्रकरणापर्यंत मागे गेली आणि गटातल्या चौघांशी भांडली. ती बरोबर होती. तो तास मी अजून विसरलेले नाही.

शेवटासाठी आणखी एक करा. एका लेखकमित्राच्या सल्ल्यावरून डिकन्सनं छापण्याआधी शेवट बदलला होता. मूळ शेवट बऱ्याच आवृत्त्यांत परिशिष्टात मिळतो. निम्म्या गटांना एक द्या, निम्म्यांना दुसरा. मग गट मिसळा. तुमचं मत मुलं विचारतीलच. त्या दिवशी सांगू नका.