स्तनाचे इम्प्लांट बसवल्यानंतरचे पहिले काही आठवडे: झोप, ड्रेन आणि शेक

सगळ्यात आधी झोपेची सोय करा. सपाट झोपलात तर छातीवर ताण येतो आणि उठताना हातांवर जोर द्यावा लागतो, तोच टाळायचा आहे. पाठीमागे उशा रचून ३० ते ४५ अंश वर टेकून झोपा, दोन्ही कोपरांखालीही एकेक छोटी उशी घ्या. उठताना आधी पाय खाली सोडा. ऑपरेशनच्या आधीच रोजच्या वस्तू कमरेच्या उंचीवर आणून ठेवा.

ड्रेनची, म्हणजे जखमेतला स्राव बाहेर काढणारी, नळी त्वचेजवळ एका हाताने घट्ट धरा, दुसऱ्या हाताच्या बोटांनी दाबत खाली स्राव साठवणाऱ्या फुग्याकडे सरका. न धरता ओढलीत तर टाका ताणला जातो. फुगा रिकामा केल्यावर दाबूनच झाकण लावा, नाहीतर शोषण होत नाही. किती मिली निघाले ते वेळेसह लिहा, प्रत्येक ड्रेनचे वेगळे. साधारणपणे २४ तासांत ३० मिलीच्या खाली आले की सर्जन तो काढण्याचा विचार करतात.

आता कळकळीने सांगते: छातीवर गरम पिशवी अजिबात ठेवू नका. तिथली संवेदना गेलेली असते, भाजले तरी कळत नाही. बर्फाचेही तेच.

तारेची ब्रा सर्जन सांगेपर्यंत नको. वेदनाशामक गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते, कुंथल्याने छाती दुखते, म्हणून पाणी भरपूर प्या.

एकच बाजू अचानक सुजली, लाली पसरू लागली किंवा ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी फोन करा.