पाणी द्यायचं आणि प्रभूबद्दलही बोलायचं, एकत्र चालेल का?

प्रश्न : ताई, सप्रेम सलाम. आमची मंडळी, म्हणजे चर्च, शहरातली आहे. यंदा कमिटीनं ठरवलंय की एक दुष्काळी गाव धरायचं आणि तिथं बोअर, शिवणक्लास, मुलांची ट्युशन असं काम करायचं. पण कमिटीतच दोन तट पडलेत. वडीलधारे म्हणतात सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगायची नसेल तर आपल्यात आणि कुठल्याही एनजीओत फरक काय राहिला? आम्ही तरुण म्हणतोय येशूचं नावसुद्धा काढायला नको, लोक लगेच संशय घेतात. त्यात एक परदेशी गृहस्थ पैसे द्यायला तयार आहेत, पण त्यांना दर तीन महिन्याला प्रार्थनासभेला किती लोक आले तो आकडा आणि फोटो पाहिजेत. काय करावं?
– एक तरुण वाचक

उत्तर : सलाम. हे भांडण तुमच्या कमिटीपेक्षा खूप जुनं आहे, तेव्हा फार मनाला लावून घेऊ नका. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले, शाळा काढल्या, आणि १८५४-५५ मध्ये बोस्टनहून त्यांचे वरिष्ठ तपासणीला आले तेव्हा त्यांचं म्हणणं हेच, की शाळांवर, खास करून इंग्रजी शाळांवर एवढा खर्च कशाला, उपदेशाकडे लक्ष द्या. आता गंमत बघा, जोतिराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, अहमदनगरला याच अमेरिकन मिशनच्या मिस फरारबाईंच्या मुलींच्या शाळा बघून आले आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतः मुलींची शाळा काढली. ख्रिस्ती काही झाले नाहीत ते. मग हे काम बाप्तिस्म्याच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहिणार? तुमच्या त्या गृहस्थांच्या तीन महिन्यांच्या रिपोर्टात तर ते कधीच आलं नसतं.

तर माझं मत स्पष्ट सांगते, तुमचे दोन्ही तट अर्धे चुकलेत.

आधी तुम्हा तरुणांचं. नाव लपवून काहीही साधत नाही. तुम्ही कोण, कुठल्या मंडळीचे, गाडीवर क्रॉस आहे का, हे गावाला पहिल्या चहाच्या आतच कळतं, आणि मग हे लोक लपवतायत म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार असं लोक धरून चालतात. पहिल्याच दिवशी सरपंचांना सांगा की आम्ही ख्रिस्ती आहोत, आमच्या श्रद्धेपोटी आलोय, आणि इथं मिळणाऱ्या कुठल्याच गोष्टीचा कुणाच्या धर्माशी संबंध नाही. शक्य असेल तर ग्रामसभेत बोला. कुणी विचारलंच की तुम्ही हे का करता, तर मोकळेपणानं सांगा की, त्यात लाजायचं काय!

आता वडीलधाऱ्यांचं. सुवार्ता सांगायला त्यांना कुणी अडवलेलं नाही, घटनेच्या २५व्या कलमात धर्माच्या प्रचाराचा हक्क आहेच. पण सुप्रीम कोर्टानं १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात हेही सांगितलंय की प्रचार म्हणजे आपली शिकवण समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. बळजबरी, फसवणूक आणि आमिष यांना बंदी घालणारे ओडिशा आणि मध्य प्रदेशचे कायदेही त्या निकालात कायम राहिले. कायदा बाजूला ठेवला तरी आमिष दाखवून मिळालेल्या विश्वासाचं प्रभूला तरी काय करायचंय?

आणि आमिष म्हणजे दरवेळी पैशाची पाकिटंच वाटावी लागतात असं नाही. एका शिवणक्लासात मी हजेरीचं रजिस्टर बघितलं होतं. नाव, वय, मशीन नंबर, आणि शेवटच्या रकान्यात 'रविवार'. चालवणारी बाई खरंच प्रेमळ होती, तिला त्यात काही गैर वाटतच नव्हतं, पण क्लासमधल्या बायकांनी बरोब्बर अर्थ काढला होता : रविवारी चर्चला दिसलं की मशीन लवकर मिळतं. तो रकाना नसेल तरच काम सुरू करा असं मी तुमच्या कमिटीला सांगेन. अटी घालायच्याच तर कामाच्या घाला. पाणलोटाच्या कामात श्रमदान आणि चराईबंदीची अट असते, कारण त्याशिवाय पाणी टिकत नाही. अहमदनगर भागात ज्यांनी या कामाचा पाया घातला ते फादर बाखर स्वतः जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मगुरू होते.

पण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. बोअर, शिवणक्लास, ट्युशन ही यादी शहरात कमिटीच्या टेबलावर ठरली, गावाला विचारलं कुणी? डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला गेले, दोघंही वेल्लोरला शिकलेले, पक्के ख्रिस्ती. लोकांना पहिल्यांदा दवाखाना नको होता, पाणी आणि अन्न पाहिजे होतं, मग सुरुवात तिथून झाली. बोअर मुद्दाम दलित वस्तीत घेतले, म्हणजे पाणी पाहिजे तर सगळ्यांना तिथंच यावं लागणार. समतेवरचं प्रवचन न देता हंडे एका रांगेत लागले. पुढं ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशा गावातल्याच बायकांना त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं, त्यातल्या कितीतरी दलित होत्या, आणि त्या स्वतःच गावात बाळंतपणं करायला लागल्या. सुरुवातीला तिथं हजारी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती, नव्वदच्या दशकात तो आकडा तिशीच्या आत आला. वडीलधाऱ्यांना विचारा, यातलं विश्वासाचं काम कुठं संपलं आणि विकासाचं कुठं सुरू झालं?

बोअर घेतलाच तर हातपंपाची दुरुस्ती कोण करणार ते आधी ठरवा. गावोगावी दिसतो तो इंडिया मार्क टू पंप सत्तरच्या दशकात तयार झाला, पण त्याचं मूळ आपल्याकडं सोलापूर आणि जालन्याला मिशनच्या लोकांनी केलेल्या पंपांत आहे. आधीचे बिडाचे पंप एका कुटुंबाच्या वापराच्या बेतानं बनवलेले, अख्खं गाव दिवसभर हापसायला लागलं की मोडायचे आणि मग पडून राहायचे. म्हणून या लोकांनी वर्कशॉपमध्ये बसून दणकट पोलादी पंप केला. आता तो पंपही वायसर झिजला की बंदच पडतो हो, म्हणून गावातल्या दोघीतिघींना पान्हे देऊन खोलायला-जोडायला शिकवा आणि पार्टसाठी पाणी समितीकडं थोडी वर्गणी जमू दे. उद्घाटनाचा फ्लेक्स नसला तरी चालेल.

त्या परदेशी गृहस्थांचं म्हणाल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा सरकारची परवानगी नसेल तर परदेशी देणगी संस्थेला घेताच येत नाही. नोंदणी असली तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, आणि एका संस्थेनं घेऊन दुसरीला देणंही बंद झालंय. तेव्हा 'कुणाच्या तरी खात्यावर मागवू' असला सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, आधी सीएला भेटा. आणि सभेतल्या माणसांचे आकडे पाठवायला माझा तरी साफ नकार असता. पंप किती दिवस चालू होता, किती मुलींनी शाळा सोडली नाही, हे पाठवतो म्हणावं. त्यावर त्यांनी हात आखडता घेतला तर घेऊ दे, थोडं छोटं काम करा, मंडळीच्या वर्गणीतून एक पंप नीट चालवला तरी पुष्कळ झालं.

प्रश्न : आम्ही हिंदू आहोत. माझी मुलगी एका मिशनच्या मोफत ट्युशनला जाते, शिकवतात छान, पण सुरुवातीला प्रार्थना असते. घरचे म्हणतात बंद कर. काय करू?
– एक आई

उत्तर : बंद करायच्या आधी एकदा जाऊन शिकवणाऱ्यांना सरळ विचारा, प्रार्थनेला ती बसली नाही तर चालेल का? मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत तर घटनेच्या कलम २८ प्रमाणे पालकांच्या संमतीशिवाय मुलांना धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत बसवता येत नाही. खासगी ट्युशनला ते कलम तसंच्या तसं लागू होत नाही, पण चांगली माणसं असतील तर 'हो, दहा मिनिटं उशिरा येऊ दे' असं लगेच म्हणतील. आढेवेढे घ्यायला लागले तर दुसरी ट्युशन बघा. आणि मुलीलाही विचारा, तिला तिथं काय आवडतं ते.