जनुक शाबूत, प्रथिन गायब

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ७१) मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात कर्करोग निघाला. रिपोर्टमध्ये एमएलएच१ आणि पीएमएस२ या प्रथिनांपुढे ‘लॉस’ लिहिलंय. आता डॉक्टर त्याच गाठीची बीआरएएफ तपासणी सांगतात. ती कशासाठी? आम्हा भावंडांना धोका आहे का?

उत्तर : प्रथिन दिसलं नाही म्हणजे जनुकात दोषच आहे, असं नाही. या वयात बहुतेकदा एमएलएच१ जनुकाचा मजकूर शाबूत असतो. ते फक्त मुकं झालेलं असतं. जनुकाच्या सुरुवातीला प्रमोटर नावाचा पट्टा असतो, वाचन तिथून सुरू होतं. तिथल्या सायटोसिन या डीएनएच्या अक्षरावर मिथाइल गट (छोटे रासायनिक तुकडे) चिकटत गेले, की डीएनए घट्ट गुंडाळला जातो आणि वाचणाऱ्या यंत्रणेला बसायला जागाच उरत नाही. एकही अक्षर न बदलता दोन्ही प्रती बंद! पीएमएस२चं जनुक चालूच असतं, पण एमएलएच१ची जोड नसली की ते प्रथिन टिकत नाही.

ही जोडी डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करते. ती गेली, की एकच अक्षर सलग येतं तिथे नक्कल घसरते. टीजीएफबीआर२ या जनुकात सलग १० ‘ए’ आहेत. एक गळला तरी पुढचं वाचन चुकतं आणि ‘वाढ थांबव’ हा निरोप पेशीला पोचत नाही.

आता बीआरएएफ. हे वेगळंच जनुक. मिथाइलमुळे एमएलएच१ बंद पडलेल्या बऱ्याच गाठींत त्यात व्ही६००ई हा बदल सापडतो. लिंच सिंड्रोम या आनुवंशिक विकारातल्या गाठींत तो जवळपास नसतोच. तो सापडला, तर आनुवंशिकतेची शक्यता फार कमी. नाही सापडला, तर लगेच घाबरू नका. त्याच ब्लॉकवर (गाठीचा मेणात जपलेला तुकडा) एमएलएच१ प्रमोटरची मिथिलेशन तपासणी, म्हणजे तिथे मिथाइल गट चिकटलेत का याची तपासणी, करून घ्या. तिथेही मिथिलेशन नसेल, तर वडिलांच्या रक्ताची जनुक तपासणी, आणि तिच्यात दोष निघाला तर तुमची. भावंडांनी आधी रक्त देऊ नये: वडिलांमधला दोष माहीत नसताना तुमच्या ‘नॉर्मल’ रिपोर्टवर विसंबता येत नाही.

प्रथिन आहे का, हे पेशींना रंग चढतो का यावरून ठरवतात. म्हणून पॅथॉलॉजिस्टना एक जरूर विचारा: गाठीशेजारच्या निरोगी पेशींना एमएलएच१चा रंग चढला होता का? त्याही कोऱ्या असतील, तर तपासणीच फसली आहे (नमुना फॉर्मलिन या टिकवणाऱ्या द्रावणात उशिरा गेला की असं होऊ शकतं) आणि ती पुन्हा करायला हवी.

आजार आनुवंशिक नाही असं ठरलं, तरी वडिलांना झाला आहे. तेव्हा चाळिशीपासून आतड्याच्या तपासणीबद्दल डॉक्टरांशी बोला.