पहिल्या प्रदर्शनात गोधडी मांडताना
गोधड्या विकायला प्रदर्शनात आताच स्टॉल घ्यावा की आणखी एक वर्ष थांबावे, असे तुम्ही विचारले आहे. तुमच्या गोधड्या पाहिल्यावर मला वाटते की, थांबण्याचे काहीच कारण नाही. मुंबईत १९९९ मध्ये सुरू झालेल्या काळा घोडा कला महोत्सवासारख्या मोठ्या ठिकाणी एकदम न जाता, आधी जवळच्या छोट्या प्रदर्शनात मैत्रिणीबरोबर अर्धा स्टॉल घ्या. किंमत मात्र कापड, दोरा आणि धावदोऱ्याच्या टाक्यांना लागलेले तास मोजून घरीच ठरवा आणि चिठ्ठीवर लिहून लावा. कारण गिऱ्हाईक समोर उभे राहिले की संकोचाने आपणच भाव पाडतो. माझ्या पहिल्या तीन गोधड्या अशाच मजुरीसुद्धा न सुटता गेल्या, याचे मला अजून वाईट वाटते. स्टॉलवर बसून टाके घालत राहा. हात चालू असले की बोलणे सोपे जाते आणि लोकही आपणहून विचारू लागतात.